पळून गेलेला गुत्तेवाला

१

भिंतीचा वरचा थर कोसळला तेव्हा आत सगळ्यात आधी दिसले ते बूट. टाचा जुळवून, एकमेकांशेजारी नीट ठेवलेले. जणू मालक पाय धुवायला गेलाय आणि आता येईल. मजुराने टॉर्च जरा पुढे सरकवला, मग पहार तिथेच टाकली आणि जिना चढून थेट रस्ता गाठला. समोरच्या सलूनवाल्याने त्याला बाकावर बसवून पाणी पाजलं. तो पाणी पिऊन होईपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं, की जुन्या गुत्त्याच्या तळघरात माणूस निघाला.

जुना गुत्ता म्हणजे रस्त्याच्या वळणावरची दुमजली दगडी इमारत. खाली लांब काउंटरची बैठक, तिच्यामागे स्वयंपाकघर, त्याखाली तळघर आणि वर मुक्कामी गिऱ्हाइकांच्या खोल्या. इमारत पालिकेची, आणि गुत्ता दहा वर्षांपासून बंद. पालिकेने आता तिथे वाचनालय करायचं ठरवलं होतं. दारापाशी लावायच्या पाटीसाठी इमारतीचा इतिहास हवा म्हणून बाहेरून एक बाई बोलावली होती. जुन्या इमारती पाहणं, मोजणं आणि त्यांच्याबद्दल खरं तेवढंच लिहिणं हा तिचा उद्योग. गावोगाव भाड्याच्या खोल्यांत राहून तिला अशी सवय लागली होती, की सकाळी डोळे उघडण्याआधी खिडकी कुठल्या बाजूला आहे हे ती आठवून बघे. बरेचदा आठवत नसे. या गावात तिला कोणी नाव विचारलं नव्हतं. ‘पाहणीबाई’वर सगळ्यांचं भागत होतं.

फौजदार येण्याआधी ती खाली उतरली. तळघराच्या टोकाला, तीन पायऱ्या आणखी खाली, एक छोटी खोली भिंत घालून बंद केलेली होती. त्या खोलीत सांगाडा उताणा होता. हात छातीवर, डोक्याखाली घडी घातलेलं घोंगडं. कवटी अखंड होती. डाव्या हाताच्या दोन बोटांना टोकं नव्हती.

“अहो, हा तर मालक!” मागून सलूनवाला म्हणाला. त्याला दुकानात राहवलं नव्हतं. “बाटली फुटून बोटं गेली होती त्याची. आमचे वडील सांगायचे. पण हा तर त्या गाणारणीबरोबर पळाला होता ना?”

फौजदार आला, नाकाला रुमाल लावून बघून गेला. “मारणारासुद्धा एव्हाना वर गेला असेल,” तो म्हणाला. “आता बेड्या कोणाला घालू? कोणी नाव घेऊन तक्रार केली तर बघू.”

सगळे बाहेर आले तेव्हा वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. मालकाची मुलगी अजून तिथेच, कोपऱ्यातल्या खोलीत राहत होती. साठीची, एकटी.

“कोण सापडलं?” तिने वरून विचारलं.

रस्त्यावर एवढी माणसं उभी होती. कोणीच मान वर करेना.

२

शेवटी सांगायला पाहणीबाईच वर गेली.

मालकाच्या मुलीला गावात एक्सचेंजताई म्हणत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने सगळी नोकरी काढली होती. गावातला प्रत्येक फोन कधी ना कधी तिच्या हातून जोडला गेला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं शिवणकाम टोपलीत ठेवलं. सुई मात्र बोटांतच राहिली.

“म्हणजे ते कुठे गेलेच नव्हते,” ती म्हणाली.

“तसंच दिसतंय.”

“मी आठ वर्षांची होते. सकाळी उठले तर आई म्हणाली, तुझे वडील गेले. कुठे, तर म्हणे गुत्त्यात गायला यायची त्या गाणारणीबरोबर. ती त्याच आठवड्यात गाव सोडून गेली होती, त्यामुळे लोकांनाही पटलं. मी कितीतरी महिने त्या खिडकीत बसायचे. आई हाताला धरून आत आणायची. ‘चल, तो यायचा नाही.’” तिने खिडकीकडे बोट केलं. “एक्सचेंजमध्ये नोकरी का धरली माहितीये? बाहेरगावचा फोन आला तर पहिला आवाज मला ऐकू येईल म्हणून. हसू नका.”

“हसत नाहीये.”

“हसा हो, मला स्वतःला येतं हसू. लग्नाचं कोणी बोललं की मी विचारायचे, जाणार कधी ते आधी सांगा.” सुई तिने आता पदरात खोचली. “हे मामाचं काम आहे. आईचा धाकटा भाऊ. गवंडी. भिंत घालायला गवंडीच लागतो, आणि गावात वडिलांच्या नावाने सगळ्यात जास्त बोटं मोडली ती त्याने. ‘पळपुट्या’ म्हणायचा. खाई त्याला खवखवे. उद्या सकाळी मी फौजदाराकडे जाऊन त्याचं नाव देणार.”

“मामांशिवाय तुमचं कोणी आहे?”

“नाही. म्हणून सोडून देऊ?”

पाहणीबाईने उठून पिशवी खांद्याला लावली.

“तुम्ही इमारती वाचता म्हणतात,” एक्सचेंजताई म्हणाली. “मग ही वाचा. कोणी मारलं ते फौजदार बघेल. मला एकच कळायला हवंय. ते निघाले होते का? सामान बांधून निघालेल्या माणसालाही कोणी गाठून मारू शकतं ना? मेलेला माणूस सोडून निघालेलाही असू शकतो. ते मला सोडून चालले होते की नव्हते, एवढंच सांगा. उद्या सकाळपर्यंत.”

३

हाडं नेली होती. खोली तशीच होती. पाहणीबाई दिवा लावून पुन्हा खाली गेली आणि नेहमीप्रमाणे दारापासून सुरुवात केली.

भिंत पाडल्यावर पडलेल्या विटा लाल नव्हत्या. पिवळसर, जड, भट्टीच्या विटा होत्या. तळघराच्या बाजूने गिलावा गुळगुळीत होता, आतल्या बाजूने मात्र चुना सांध्यांतून ओघळून तसाच वाळलेला. म्हणजे गवंडी बाहेर उभा होता, आणि आतली बाजू कोणी कधी पाहील असं त्याला वाटलं नव्हतं.

आतल्या खोलीत एक मोठं लाकडी पिंप होतं, पुरुषभर उंचीचं. फळ्या सुकून सुटल्या होत्या आणि तळाला काळा थर बसला होता. या पिंपात फळांचा रस आंबवायला ठेवत. एवढं पिंप दारातून बाहेर निघालं नसतं. ते आतच जुळवलेलं होतं. प्रश्न असा, की भरलेल्या पिंपासकट खोली का बंद करावी? प्रेत लपवायला तळघरात बाकी जागा भरपूर होती.

तीन पायऱ्यांच्या बाजूला भिंतीत लहान दिवळ्या होत्या, मेणबत्ती ठेवण्याएवढ्या. काजळी जुनी, जाड. पण त्या डोळ्यांच्या उंचीवर नव्हत्या. गुडघ्याच्या खाली होत्या. इतक्या खाली दिवा ठेवून माणसाला काय दिसणार, स्वतःचे बूट? शिवाय या दिवळ्यांच्या तोंडावरूनच कापडी वेष्टणाची विजेची तार खिळ्यांनी ठोकत नेली होती, आणि छताला पितळी होल्डरमध्ये एक बल्ब होता. तार ठोकल्यानंतर दिवळीत मेणबत्ती ठेवणं शक्यच नव्हतं.

रस्त्याच्या बाजूला वर एक झरोका होता. त्यात गोणपाट कोंबलेलं, आणि त्यावर खोक्याची फळी ठोकलेली. खिळ्यांची डोकी खोलीच्या बाजूला होती.

पेटी नव्हती, बॅग नव्हती, कोट नव्हता. पण त्यावरून काही ठरत नव्हतं. भिंत घालणाऱ्याने सामान दुसरीकडे नेलं असेल.

ती वर स्वयंपाकघरात आली. चुलीवरचं धुराडं खालून अर्धं काळं होतं, वरून अर्धं नवं. दुरुस्तीचा भाग पिवळसर होता. तिने खिशातून तळघरातल्या विटेचा तुकडा काढला आणि धुराड्याच्या विटेला लावून पाहिला.

वीट तीच होती.

“ते धुराडं मामाने बांधलं,” दारातून एक्सचेंजताईचा आवाज आला. “वडील गेले त्याच आठवड्यात. आता तरी पटलं?”

४

पाहणीबाईला तेवढ्यावर पटत नव्हतं. तिने विचारलं, “पिंपं कोण बनवायचं?”

पिंपवाला अजून जिवंत होता. गावाच्या कडेला त्याच्या शेडमध्ये आता पिंपं नव्हती. फुलझाडांच्या कुंड्यांसाठी अर्धी कापलेली लाकडी टोपलीवजा भांडी होती. तीही कोणी घेत नसे. तो त्यांना लोखंडी पट्ट्या मात्र जुन्या पिंपांसारख्याच काटेकोर बसवत असे.

“मी येणार हे तुम्हाला माहीत होतं वाटतं,” पाहणीबाई म्हणाली. त्याने तिच्यासाठी स्टूल आधीच पुसून ठेवलं होतं.

“गावात मला भेटायला कोण येतं? आज बातमी फुटली, म्हणजे आज कोणीतरी येणारच.” तो हसला. “विचारा. मालकिणीवर माझा डोळा होता, हे तुम्हाला सलूनवाल्याने सांगितलंच असेल.”

“सांगितलं.”

“खरं आहे. पण तो पळाल्यानंतर, आधी नाही. आधी तो माझा मित्र होता. रगेल, हट्टी, पण मित्र. गल्लीत पहिली वीज त्याने घेतली. इतका चढला होता! तळघरातसुद्धा बल्ब लावला. ‘आता मेणबत्त्यांचं शुक्लकाष्ठ संपलं,’ म्हणाला.”

“आणि मालकीणबाई?”

“दर वर्षी विचारायचो. लग्न करतेस का? दर वर्षी एकच उत्तर. ‘कागदोपत्री माझा नवरा जिवंत आहे.’ मी म्हणायचो, अगं, इतकी वर्षं पत्ता नाही त्याचा, कोर्टात अर्ज कर, मेला म्हणून जाहीर करतील. तर अशी बघायची माझ्याकडे, जसं काही मीच त्याला मारायला निघालोय.” त्याने पट्टीवर एक टोला घातला. “बायको टाकून पळालेल्या माणसाला इतकं जपतं का कोणी? मला वाटलं, मी आवडत नसेन. तसं सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

पाहणीबाईने विचारलं, “त्या खालच्या खोलीतलं मोठं पिंप तुमचंच?”

“ओकच्या लाकडाचं? माझं सगळ्यात चांगलं काम. तो गेला त्याच हंगामात फुटलं म्हणे. मालकीण म्हणाली, फळ्या चुलीत घातल्या. वाईट वाटलं. निदान फळ्या तरी मला द्यायच्या.”

“ते फुटलं नव्हतं. अजून तिथेच आहे. भिंतीमागे.”

पिंपवाल्याचा हातोडा तसाच वर राहिला.

“पण मग,” तो सावकाश म्हणाला, “ती माझ्याशी खोटं का बोलली?”

५

मामा लाकडाच्या वखारीमागे एका खोलीत राहत. पाहणीबाई गेली तेव्हा ते एकटेच पत्ते मांडून बसले होते. ऐंशीकडे झुकलेले, पण हात अजून गवंड्याचे, रुंद आणि भेगाळलेले.

“या बाई. दोघांचा डाव मांडू का? एकट्याने जिंकायचा कंटाळा आलाय.”

“ती भिंत तुम्ही घातलीत, मामा.”

त्यांनी पत्ता टाकला, पुन्हा उचलला. “पोरीने पाठवलं?”

“उद्या ती तुमचं नाव देणार आहे.”

“देऊ दे.” मामांनी सगळे पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या आणि गठ्ठा बाजूला ठेवला. “लिहून घ्या. मीच मारलं दाजींना. गाणारणीपायी भांडण झालं, डोक्यात वीट घातली, आणि भिंत बांधली. बस. तिला म्हणावं, दोन पोलीस कशाला पाठवतेस, मीच चालत येतो चौकीवर.”

“वीट कुठे लागली?”

“म्हणजे?”

“डोक्याला. मागे की कपाळावर?”

“कपाळावर,” मामा म्हणाले. मग तिच्याकडे बघून, “नाही, मागे.”

“मामा, कवटीला चरासुद्धा नाही.”

खिडकीबाहेर वखारीतली करवत सुरू झाली आणि थांबली.

“तुम्ही बाहेरच्या आहात, बाई,” मामा म्हणाले. “पाटी लिहा आणि जा. त्या पोरीने बाप केव्हाच गमावलाय. आता तिच्याजवळ उरलंय ते एवढंच, की आई भली होती. तेवढं तरी राहू द्या.”

पाहणीबाई उठली. ज्या माणसाला स्वतःची मान सोडवायची नाही, तो दुसऱ्या कोणाची तरी सोडवत असतो. ती दारात असताना मामांनी मागून हाक मारली.

“मी मारलं असंच तिला सांगा. तुमच्या पाया पडतो.”

६

दारूचे परवाने ज्यांच्या सहीने चालायचे ते अबकारी साहेब आता एका वृद्धाश्रमाच्या ओसरीवर, नेमक्या त्याच खुर्चीत रोज बसत. दुसरं कोणी बसलं तर ते उभे राहून वाट बघत.

“परवाना कोणाच्या नावावर होता?” पाहणीबाईने विचारलं.

“मालकाच्या. पुरुषाच्याच नावे निघायचा तेव्हा. आणि इमारत परवान्याबरोबर यायची, परवान्याबरोबर जायची.”

“मालक वारला तर?”

“तर परवाना रद्द. नवा लिलाव. बायको-पोरांनी चंबूगबाळं उचलायचं. विधवेला मिळत नसे. कायदा नंतर बदलला, पण नव्या परवान्यांपुरताच. समोरचा एकजण तर डोळे लावूनच बसला होता.”

“आणि मालक नुसता निघून गेला तर?”

साहेबांचा चेहरा खुलला. या प्रश्नाची जणू त्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली होती. “हां! निघून गेला तर परवाना त्याचाच. बायको त्याच्या वतीने चालवणार, तो परत येईपर्यंत. लोक म्हणतात बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. आमच्या खात्याचं उलटं होतं. बाप दाखवू नका, श्राद्धही करू नका, धंदा चालू राहतो!”

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. मग हसू ओसरलं.

“दर वर्षी मी तिला विचारायचो. नवरा आला का? नाही. मेला का? ‘तसं काही कळलेलं नाही, साहेब.’ मान खाली घालून बोलायची. तिच्यामागे रांगेतले लोक कुजबुजायचे, नवऱ्याने टाकलेली म्हणून. मी शिक्का मारायचो.” त्यांनी पाहणीबाईकडे पाहिलं. “मला कळायला हवं होतं, नाही का?”

पाहणीबाईने त्यांना नमस्कार केला. आता तिला गुत्त्यावर परत जाण्याची घाई झाली होती, आणि तिथे जाऊन बोलायची मुळीच घाई नव्हती.

७

संध्याकाळी उजेड असतानाच तिने मामांना बैठकीत आणून बसवलं. एक्सचेंजताई काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून.

“यांच्यासमोर मी बसणार नाही,” ती म्हणाली.

“मग उभ्या रहा. पण ऐका. तुमच्या वडिलांना कोणी मारलं नाही.”

ती वळली.

“रस आंबायला लागला की पिंपातून एक वायू निघतो,” पाहणीबाई म्हणाली. “त्याला रंग नाही, आणि हवेपेक्षा तो जड. पाण्यासारखा खाली साठतो. म्हणून अशा तळघरात माणूस मेणबत्ती घेऊन उतरतो आणि ती खाली ठेवत जातो. ज्योत विझली की मागे फिरायचं. त्यासाठी त्या दिवळ्या गुडघ्याखाली आहेत. मेणबत्ती माणसाला दिसावं म्हणून ठेवलेली नव्हती. त्याच्या आधी मरावी म्हणून ठेवलेली होती.”

मामांनी डोळे मिटले.

“मग वीज आली. तार दिवळ्यांवरूनच ठोकली. गल्लीतला पहिला बल्ब. मेणबत्तीची गरजच काय? पण बल्ब विझत नाही. वायू नाकापर्यंत चढला तरी तो लखलखीत जळत राहतो. त्यात त्या वर्षी थंडी लवकर पडली असावी. रस थंड झाला की आंबणं थांबतं. खोली उबदार राहावी म्हणून कोणीतरी झरोका बुजवला. कोणाला घात करायचा असता तर त्याने रस्त्यावरून बुजवला असता. तेच सोपं होतं. खिळे आतून ठोकलेत. ते काम रसाची काळजी असलेल्या माणसाचं. म्हणजे तुमच्या वडिलांचं. हवा निघायची वाट त्यांनीच बंद केली, आणि नंतर पिंप बघायला विजेच्या उजेडात खाली उतरले.”

“आणि भिंत?” एक्सचेंजताई म्हणाली. “भिंत कशाला घातली मग?”

“खून लपवणारा माणूस प्रेताच्या डोक्याखाली घोंगडं ठेवत नाही. बूट काढून जुळवत नाही. ज्यांनी ठेवलं त्यांचा तुमच्या वडिलांवर जीव होता. धुराड्याचं काम चालू असल्यामुळे विटा घरात होत्या, गवंडीही घरात होता. पिंप फुटलं, जाळलं, असं पिंपवाल्याला सांगितलं तुमच्या आईने. ते फुटलं नव्हतं हे तिला माहीत होतं, म्हणजे भिंतीमागे काय आहे तेही माहीत होतं.” पुढचं वाक्य पाहणीबाईने वाटेत कितीदा तरी जुळवलं होतं आणि कोणतंच एक्सचेंजताईला सोसवेल असं तिला वाटलं नव्हतं. “नवरा मेला असं सांगितलं असतं तर परवाना गेला असता, आणि छप्परही. तुम्ही दोघी रस्त्यावर. नवरा पळाला असं सांगितलं तर फक्त अब्रू जाणार होती. तिने अब्रू दिली.”

रस्त्यावरून एक हातगाडी गेली.

“मामा,” एक्सचेंजताई म्हणाली. “हे खरं आहे?”

“मी उतरणारच होतो त्यांच्यामागे,” मामा म्हणाले. “तुझ्या आईने कॉलर धरून मला मागे ओढलं. मेणबत्ती दोरीला बांधून खाली सोडली. गप्‌कन गेली. मग पिंपं ओढायच्या लांब आकड्याने आम्ही त्यांना वर घेतलं. तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. काही राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खोलीतली हवा मोकळी झाल्यावर परत खाली नेलं. पाय मी धरले, डोकं तिने. मला शपथ घातली. म्हणाली, पोरीलाही नाही सांगायचं, पोरं बोलून जातात.”

“आणि मी मोठी झाले तेव्हा?”

“तेव्हा ती म्हणायची, पुढच्या वर्षी सांगू.”

८

एक्सचेंजताई हसली की काय, असं पाहणीबाईला क्षणभर वाटलं. ते हसू नव्हतं.

“मी रस्त्याकडे डोळे लावून बसायचे,” ती म्हणाली. “आणि ती माझ्या मागे उभी असायची. तिला माहीत होतं ते घरातच आहेत. माझ्या पायाखाली. रोज समोर बसून जेवलो आम्ही, मामा. शेवटच्या आजारपणात मी तिला चमच्याने भरवलं. तेव्हाही नाही? ‘तो यायचा नाही’ एवढंच? एवढं मात्र अगदी खरं बोलायची!”

“शेवटी शेवटी ती त्या तळघराच्या दारापाशीच खाट टाकून निजायची,” मामा म्हणाले. “तू म्हणायचीस, आईला गारवा लागतो.”

“तिची बाजू घेऊ नकोस.”

“नाही घेत.”

“आणि तू? ती गेल्यालाही दहा वर्षं झाली. परवाना नाही, गुत्ता नाही. तू का गप्प बसलास?”

“तू तिला फार मानायचीस. मला वाटलं, बापाचा राग करायची सवय झालीये तुला, तो राग निभेल. आईचा राग एकटीला निभणार नाही.”

“माझ्या वतीने सगळ्यांनी सगळं ठरवलं,” ती म्हणाली. “परवान्यासारखं.”

पाहणीबाईला वाटलं, आता ती दार उघडून मामांना जा म्हणेल. मामांनाही तसंच वाटलं असावं. ते काउंटरला धरून उठले. ते दारापर्यंत पोहोचेपर्यंत ती तशीच उभी होती.

“थांब,” ती म्हणाली. “त्या दिवशी सकाळी तू इथेच होतास?”

“स्वयंपाकघरात. धुराड्यावर चढलो होतो.”

“काय म्हणाले ते? खाली जाण्याआधी. खोटं जोडून सांगू नकोस. माझं नाव घेतलं नसेल तर नाही म्हण.”

मामा तिथेच पायरीवर बसले. “नाव नाही घेतलं,” ते म्हणाले. “तसं विशेष काही नव्हतंच. तुझी आई चुलीपाशी. दाजी हात चोळत आले. मला म्हणाले, ‘काय गवंडी, आज तरी धूर बाहेर जाणार का आमच्याच डोळ्यांत?’ मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांतच बरा. तुझी आई म्हणाली, आधी खाऊन घ्या, मग काय ते भटका. तर म्हणाले, रस थंडावलाय बहुतेक, एकदा बघतो. तू वाढायला घे.”

“मग?”

“मग काही नाही. जिन्यावरून म्हणाले, ‘आलोच.’”

एक्सचेंजताईने काउंटरवर हात टेकला.

“आलोच म्हणाले?”

“हो. आलोच.”

ती येऊन पायरीवर मामांच्या शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पाहणीबाईने आपली पिशवी उचलली. तिला कोणी थांब म्हणालं नाही आणि तिनेही निरोप घेतला नाही; ती मागच्या दाराने बाहेर पडली. दार ओढून घेताना आतून आवाज आला.

“पुन्हा सांग,” एक्सचेंजताई म्हणत होती. “पहिल्यापासून.”

“मी धुराड्यावर चढलो होतो,” मामांनी सुरुवात केली.